आधी पहारेकऱ्याचा पगार विचारा

नाशिकरोडच्या बाजूच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतून, म्हणजे चर्चच्या सभासदांतून, प्रश्न आला आहे. विचारणारा तिशीचा, पास्टोरेट कमिटीवर (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) पहिल्यांदाच निवडून आलेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "आमची मंडळी १४० कुटुंबांची. दर नाताळात ब्लँकेटं आणि धान्याची किटं वाटतो. युवक संघाला आता सामाजिक न्यायासाठी काही करायचं आहे. वडीलधारे म्हणतात, चर्चने राजकारणात पडू नये. मागच्या वर्षी परिसंवाद घेतला. भाषणं झाली, समोसे झाले, पुढे काहीच नाही. मोर्चा काढावा का? आणि आपल्याच समाजाचे प्रश्न एवढे असताना बाहेरच्यांसाठी का झटायचं, असंही काही जण विचारतात. नेमकी सुरुवात कुठून करायची?"

जय ख्रिस्त, भाऊ. मी सव्वीस वर्षं कामगारांचे खटले चालवते आणि त्यातली एकोणीस वर्षं आमच्या मंडळीच्या सामाजिक समितीवर आहे. कोर्टात हरले नसेन तेवढ्या वेळा समितीच्या बैठकीत हरले आहे.

माझं पहिलं उत्तर तुम्हाला बहुधा आवडणार नाही. परिसंवाद राहू द्या, मोर्चाही राहू द्या. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर तुमच्या चर्चच्या फाटकावर रात्री बसणाऱ्या माणसाकडे जा आणि त्याला महिन्याला किती मिळतात ते विचारा. सुट्टी कधी असते, आजारी पडला तर काय होतं, हेही विचारा. मग खजिनदारांकडून पगाराची वही मागून घ्या.

आमच्याकडे हा प्रश्न कापणीच्या सणामुळे निघाला. मंडळीने अर्पण म्हणून आणलेल्या शेतमालाचा लिलाव चालू होता. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी सगळ्यांना दानाची सुरसुरी येते. एक पपई सहाशेला गेली, उसाची मोळी दीड हजाराला. मोळ्या उचलून वेदीपासून टेबलापर्यंत आणत होता आमचा शिपाई. तोच घंटा वाजवणारा, तोच माळी, तोच रात्रीचा पहारेकरी. त्याला महिन्याला अठराशे रुपये मिळत होते आणि आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच, कारण रविवारी तर घंटा वाजवायची असते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने वार्षिक सभेत उभं राहून सरळ विचारलं, उसाची मोळी दीड हजाराची आणि माणूस अठराशेचा, हे कसं? सभेत सगळे गप्प. मग मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "त्याला राहायला घर दिलंय ना." घर म्हणजे वेस्ट्रीच्या (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीच्या) मागची पत्र्याची खोली.

तो हिशेब सरळ व्हायला आठ महिने लागले. किमान वेतनाइतका पगार, तो बँकेत, सोमवारची सुट्टी, आणि पोस्टात त्याच्या नावाने आवर्ती ठेव. एवढ्या चार गोष्टींसाठी सात बैठका घ्याव्या लागल्या. पण या सात बैठकांत आमची मंडळी जे शिकली, ते कुठल्याही परिसंवादात शिकली नसती. दान द्यायला आम्ही कायम तयार होतो. हक्क म्हटलं की मात्र आमच्याच खिशाला हात लागतो आणि आमचाच चेहरा पडतो, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. त्यानंतर दुसऱ्यांच्या मजुरीबद्दल बोलायला आमच्या तोंडाला थोडी तरी चव आली. (शिपाई पुढे मला म्हणाला, "बाई, सोमवारी काय करायचं तेच कळत नव्हतं पहिले दोन महिने.")

आता राजकारणाचा मुद्दा. वडीलधाऱ्यांशी यावरून भांडू नका, त्यांची भीती खोटी नाही. फक्त त्या एका शब्दात दोन वेगळ्या भीती गुंडाळलेल्या असतात, त्या सोडवून घ्या.

एक भीती कायद्याची आहे. तिथे उत्तर सोपं आहे. १९८८ चा धार्मिक संस्थांच्या दुरुपयोगाला आळा घालणारा कायदा प्रार्थनास्थळाची जागा राजकीय प्रचारासाठी वापरायला मनाई करतो. निवडणुकीत धर्माच्या नावाने मत मागणं किंवा मत देऊ नका म्हणणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो. म्हणजे उमेदवाराला पुलपिटाजवळ (उपदेशाच्या व्यासपीठाजवळ) उभं करायचं नाही, पक्षाचं पत्रक बाकावर ठेवायचं नाही, आणि "या चिन्हाला" असं पाळकसाहेबांनी सूचनांच्या वेळी सुचवायचंही नाही. यात मात्र आपल्याकडचे 'राजकारण नको' म्हणणारे वडीलच निवडणुकीच्या महिन्यात नगरसेवकाला पहिल्या बाकावर बसवून शाल देतात, ते कुणाला खटकत नाही. मजुराची अडकलेली मजुरी मिळवून द्यायला अर्ज लिहिणं हे या दोन्ही कायद्यांच्या जवळपासही येत नाही. विश्वस्त संस्थेच्या घटनेतले उद्देश मात्र एकदा वाचून घ्या; गरजूंना मदत, शिक्षण, असं काही ना काही बहुतेक जुन्या घटनांत असतं. त्याला धरून ठराव करा आणि इतिवृत्तात तो नीट लिहा. उद्या कोणी धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार केली तर तोच कागद कामी येतो.

दुसरी भीती शेजाऱ्यांची आहे, आणि ती जास्त खोल आहे. आपण कुणाला मदत केली की धर्मांतराचा संशय येतो. यावर चिडून उपयोग नाही. वागण्यातूनच तो संशय फेडावा लागतो. आम्ही मजुरांचे अर्ज भरून द्यायला टेबल लावतो, तिथले आमचे नियम कडक आहेत. अर्ज भरायच्या टेबलावर प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, 'रविवारी या' असं आमंत्रण नाही. फुकट काही वाटायचं नाही. झेरॉक्सचे दोन रुपयेसुद्धा ज्याचे त्याने द्यायचे. टेबलावर आमच्याबरोबर जवळच्या बुद्ध विहारातली दोन मुलं आणि वस्तीतल्या बचत गटाच्या एक ताई बसतात, आणि त्या ताईच आमच्यापेक्षा जास्त ठसक्यात बोलतात. पाळकसाहेबांना पहिल्या वर्षी हे जड गेलं. "मग यात आपल्या श्रद्धेची साक्ष कुठे राहिली?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब, साक्ष द्यायला आपण सकाळी पावणेसातला उठून येतो, तेवढी पुरे.

पावणेसात म्हणजे नाक्याची वेळ, रोजंदारीचे मजूर काम मिळेल म्हणून जिथे उभे राहतात त्या नाक्याची. खरं काम मी तिथेच शिकले, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आपण सगळ्यांनी संडे स्कूलमध्ये पाठ केलेला. मालक पहाटे बाजारात जातो, मग तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या, आणि अगदी अकराव्या तासालाही जातो, आणि तिथे माणसं काम मिळेल म्हणून उभीच असतात. नाशिकमध्ये राहून हा दाखला समजायला टीकाग्रंथ कशाला हवा? पंचवटीत पेठ नाक्यावर जा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची माणसं उजाडायच्या आत येऊन उभी असतात. कठड्याला डब्यांच्या पिशव्या टांगलेल्या. पिकअप येऊन थांबला की लोक धावतात, आतून आवाज येतो, "दोन गडी, एक बाई, स्लॅबचं काम." दहा वाजेपर्यंत ज्यांना कोणी नेलं नाही ते तिथेच बसून डबा खातात आणि परतीच्या गाडीचं भाडं मोजतात.

आपले उपदेश या दाखल्यातून कृपेवर जातात, ते बरोबरच आहे. पण मी वकील आहे, माझं लक्ष दुसरीकडे गेलं. त्या दाखल्यात मजुरी आधी ठरते, आणि संध्याकाळी कारभाऱ्याला बोलावून त्याच दिवशी चुकती होते. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर नियमच आहे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवायची नाही. आणि त्याच्या जरा वर, द्राक्षमळ्यात गळालेली फळं गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्यायची. आमच्या नाक्यावर यातलं एकही होत नव्हतं. मजुरी गाडीत बसल्यावर ठरायची आणि 'आठवड्याने देतो' वर लटकायची.

पहिल्या दिवशी मला एक बाई भेटली, पेठ तालुक्यातली. अकरा दिवसांची मजुरी बुडाली होती. तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकची घडी काढली. आत आधारची झेरॉक्स, मुलाच्या औषधाची चिठ्ठी आणि मुकादमाचं कार्ड. कार्डावरचा नंबर बंद. मी विचारलं, काम कुठल्या जागेवर होतं? म्हणाली, "ती लाल क्रेनवाली बिल्डिंग." आम्ही गेलो तर क्रेन दुसरीकडे हलली होती. बिल्डरचं नाव तिला माहीत नव्हतं, ठेकेदाराचं अर्धंच माहीत होतं. तिची बाजू शंभर टक्के खरी होती आणि माझ्या हातात पुरावा म्हणून एक बंद मोबाइल नंबर होता. ते अकरा दिवस आम्ही मिळवून देऊ शकलो नाही.

त्यातून हजेरीची वही निघाली. खिशात मावेल एवढी. रकाने सहा: तारीख, कामाची जागा (पत्ता नाही, खूण, 'पाण्याच्या टाकीसमोर', 'बँकेच्या मागे'), कोणी नेलं, गाडीचा नंबर, ठरलेली मजुरी, हातात पडलेली मजुरी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरी संध्याकाळी शाळेत जाणारं पोर लिहितं. गाडीच्या नंबरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. पहिल्या वर्षी ४३ वह्या दिल्या, त्यातल्या पुन्हा पाहायला मिळाल्या नऊ. कारण शोधलं तर चूक आमचीच. युवक संघाने हौसेने मुखपृष्ठावर बायबलचं वचन छापलं होतं. एका मुकादमाने वही पाहून "मिशनवाल्यांची वही घेऊन कामावर यायचं नाही" असं सुनावलं, आणि बायांनी वह्या घरी पेटीत ठेवून दिल्या. दुसऱ्या छपाईला साधं खाकी कव्हर केलं. त्या वह्या वापरल्या गेल्या.

वहीने काय होतं? फार काही नाही, पण नेमकं तेच होतं जे व्हायला हवं. ठेकेदाराला फोन करून "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, टाकीसमोरची जागा, गाडी नंबर अमुक" असं म्हटलं की दहापैकी सहा वेळा पैसे येतात. तक्रारीपर्यंत जावंच लागत नाही. उरलेल्यांसाठी कामगार कार्यालयात अर्ज. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे आमच्या मुलांना मी वचनासारखं पाठ करून घेतलं आहे. पोच नाही तर अर्ज नाही. अर्ज कोर्टापर्यंत गेलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा देशभराचा नंबर. कामगार कायद्यांची नावं आणि कलमं गेल्या काही वर्षांत बदलत आहेत, तेव्हा जुन्या पुस्तिकेवर विसंबू नका. नावं बदलली तरी काम केल्याचा पुरावा लागतोच, आणि तो मजुराकडेच असावा लागतो.

बांधकाम मजुरांची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, अपघातात त्याचे पैसे मिळतात. अट अशी की वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र हवं आणि वय १८ ते ६० मध्ये हवं. सरकारी शुल्क नाममात्र आहे, पण दलाल त्यासाठी हजार-दोन हजार उकळतात. तुमच्या मंडळीत लॅपटॉप असलेली दहा पोरं असतील. महिन्यातून एक रविवार दुपारी बसलात तरी दलालाचं दुकान त्या वस्तीपुरतं बंद होतं. खोटं प्रमाणपत्र मात्र कुणालाही मिळवून देऊ नका, दया आली तरी. एकदा ते सापडलं की खऱ्या मजुरांचे अर्जही अडकतात.

द्राक्षाची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर छाटणीपासून पुढे थिनिंग (घडांची विरळणी), डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), मग काढणी, अशी टोळ्यांची कामं दिंडोरी-निफाडकडे चालतात. एकरी ठेका, टोळीला उचल, आणि हिशेब हंगामाच्या शेवटी. शेतमजूर बांधकाम मंडळात बसत नाही. त्याच्याकडे ती खाकी वही एवढंच असतं.

आणि मग व्हायचं ते झालं. तिसऱ्या वर्षी एका टोळीची वही आली, त्यात 'कोणी नेलं' या रकान्यात जे नाव होतं ते आमच्याच मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचं. माणूस वाईट नाही. माझ्या आईच्या दफनविधीला सगळी धावपळ त्यांनीच केली होती. मजूर पुरवण्याचा त्यांचा धंदा, बागायतदाराने त्यांना पैसे द्यायला उशीर केला, त्यांनी टोळीला केला; बावीस जणांचे तीन आठवड्यांचे पैसे अडकले. आमच्या समितीतल्या एकाने सुचवलं, ही वही बाजूला ठेवू, बाकीच्या पुढे नेऊ. त्या बैठकीत मला रात्री साडेदहापर्यंत झोप आली नाही असं पहिल्यांदा झालं.

चुकलेल्या भावाला समजवायच्या पायऱ्या मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहेत, त्याप्रमाणे आम्ही गेलो. आधी मी एकटी त्यांच्या घरी. त्यांनी चहा दिला आणि विषय टाळला. मग दोघांना घेऊन. तेव्हा रागावले. तिसरी पायरी मंडळीपुढे सांगण्याची, आणि त्याआधी मी त्यांना स्पष्ट सांगितलं की वार्षिक सभा बारा तारखेला आहे. दहा तारखेला अर्धे पैसे आले, उरलेले एप्रिलमध्ये. त्यांनी चर्चला येणं सोडलं, त्यांच्या घरातल्या बायका माझ्याशी अजून मोकळेपणाने बोलत नाहीत. त्या टोळीतला एकही माणूस ख्रिस्ती नव्हता, आणि आपण आपल्याच माणसाला त्यांच्यासाठी दुखावलं असं मंडळीत आजही काही जण म्हणतात. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलं आहे. ते वाचून दाखवायला सोपं असतं. ओरडणारी मजुरी आपल्या बाकावरून येत असली की मंडळीची खरी परीक्षा, आणि तुम्ही काम मनापासून केलंत तर ही वही तुमच्याकडेही येणारच. आधीच ठरवून ठेवा.

तुम्ही विचारलेला पुढचा मुद्दा: आपलेच प्रश्न थोडे आहेत का? नाहीत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद पाहा; अनुसूचित जातीचा दर्जा कुठल्या धर्माच्या माणसाला मिळतो ते तिथे ठरतं. सुरुवातीला फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, पण जातीय अत्याचार झाला तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक (ॲट्रॉसिटी) कायद्याचं संरक्षण त्या माणसाला मिळत नाही. जात मात्र गावात कुणी विसरत नाही. आदिवासींचं तसं नाही, धर्म बदलला तरी त्यांचा दर्जा राहतो. १० ऑगस्टला या आदेशाविरुद्ध अनेक मंडळ्या काळा दिवस पाळतात, तुम्हीही पाळा, निवेदन द्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढायची शिफारस केली होती, पुढे २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. ही लढाई लांबची आहे आणि ती आपलीच आहे.

पण काळ्या दिवसाची काळी फीत लावताना एक प्रश्न स्वतःला विचारा: सोयरीक जमवताना आपल्याकडे "मूळचे कोण?" हे अजून विचारतात की नाही? आणि दुसरा, हा नाशिकचाच. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं पाच वर्षं झगडत राहिली, शरणपूर या नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीपासून फार लांब नव्हे. आपल्या मंडळ्यांच्या घरगुती आठवणींत त्या सत्याग्रहाची गोष्ट मी कधी ऐकलेली नाही. आजोबांच्या पिढीची मिशनची नोकरी, शाळा, बंगला, सगळं ऐकलं, ते नाही. फक्त स्वतःच्या प्रश्नावर बाहेर पडणाऱ्यांना दुसरे का साथ देतील?

शरणपूरचा विषय निघाला म्हणून थोडं आडवळण घेते. त्या नावाचा अर्थच शरण येणाऱ्यांचं गाव. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ते वसवलं. हिंदी महासागरातल्या गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत आणि त्यातली बरीच इथे आणली जात. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकत. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टनबरोबर गेला, १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचा देह घेऊन इंग्लंडपर्यंत पोचला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या शवपेटीला हात लावणाऱ्यांत होता. इथली कितीतरी माणसं नंतर मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनमध्ये जाऊन वसली. आज शरणपूर रोड म्हटलं की शोरूम आणि पार्किंगची मारामारी आठवते, पण या शहरातल्या आपल्या मंडळीची मुळं सुटका झालेल्या मुलांत आहेत, हे युवक संघाला जरूर सांगा. सांगताना दुसरी बाजूही सांगा. त्या मुलांची नावं दुसऱ्यांनी ठेवली, धंदा दुसऱ्यांनी ठरवला, कुठे पाठवायचं तेही दुसऱ्यांनीच. जेकब वेनराइटचं आईने ठेवलेलं नाव काय होतं? आमचं वचन छापलेलं मुखपृष्ठ त्याच जातीची चूक होती, आकाराने लहान एवढंच. नाक्यावरच्या बायांना आधी विचारलं असतं तर पैसे वाचले असते.

बाहेर न्याय मागणाऱ्या मंडळीने घरात एक गोष्ट आधी नीट करावी, तीत तडजोड नाही. मूल आणि लैंगिक छळ. संडे स्कूल, शिबिर, वसतिगृह, कुठेही अल्पवयीन मुलाबाबत असं काही कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. 'मंडळीची बदनामी नको, आपण आतल्या आत मिटवू' हे वाक्य मी एका कमिटीत स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. कुठल्या, ते सांगत नाही. घरात मार खाणाऱ्या बहिणीला "प्रार्थना कर, सहन कर" एवढंच सांगणारे वडीलधारेही त्यातच. तिला संरक्षण अधिकारी कोण आणि कुठे बसतो हे सांगणारा कागद महिला मंडळाच्या फलकावर लावा.

मोर्चा काढावा का? काढा, जेव्हा ज्यांचा प्रश्न आहे ते बोलावतील तेव्हा, त्यांच्या मागे, आपला बॅनर घरी ठेवून. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी मुंबईकडे चालत निघाले, वनहक्काचे दावे हा त्यातला मोठा मुद्दा. शेवटची रात्र ते झोपले नाहीत. दहावीच्या मुलांना परीक्षेच्या सकाळी त्रास नको म्हणून रात्रीच चालून आझाद मैदानात पोचले. आमच्या मंडळीने निघताना पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि आम्हाला फार बरं वाटलं. पण मोर्चा परतल्यावर सुरगाण्यात दाव्यांचं काय झालं, फेटाळलेल्या दाव्यावर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील करायचं असतं ते किती जणांनी केलं, हे विचारायला आम्ही गेलो नाही. त्या भागातली मंडळी आमच्याच डायसिसमधली (धर्मप्रांतातली), फोन करायचा अवकाश होता.

म्हणून माझं मत असं: एकच विषय धरा, एकच जागा धरा, आणि पाच वर्षांचा ठराव करा. कमिटी दर निवडणुकीत बदलते, नव्या माणसाला जुन्याचं काम नकोसं असतं. ठरावात वर्षं लिहिलेली असली तर निदान मोडायला दुसरा ठराव करावा लागतो. दानार्पणातला ठरलेला वाटा लिहून ठेवा, कितीही छोटा. परदेशातून पैसा घेऊ नका, फुकट आला तरी. विदेशी अंशदानाची नोंदणी, वेगळं खातं, हिशेब यात समितीचा अख्खा वेळ जातो आणि संशयाला आयतं खाद्य मिळतं. छपाई, झेरॉक्स आणि रिक्षा, एवढाच आमचा खर्च असतो. तुमची १४० घरं तो सहज पेलतील.

तुमच्या नाशिकरोडला नाका वेगळा असेल, मजूरही वेगळे. मळ्यातले नसून मालधक्क्यावरचे किंवा सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाया असतील. पहिले तीन महिने काहीच करू नका, फक्त जाऊन चहा प्या आणि ऐका. वही छापायची वेळ आली तर रकाने त्यांनाच विचारून ठरवा. आणि स्टेपलची वही छापू नका. पहिल्या पावसात पिन गंजते आणि नेमकी जून-जुलैची पानं निघून जातात. शिवणीची घ्या, प्रत्येकी तीन-चार रुपये जास्त पडतात.